थरथरणारी जीप काय सांगते?

बैलगाडीचे चाक डगमगू लागले म्हणून आपल्याकडचा शेतकरी नवे बैल आणायला बाजारात जात नाही. तो खाली उतरतो, तुंब्याला हात लावतो, आसाची खीळ पाहतो, धाव सैल झाली आहे का ते ठोकून बघतो, आणि दोन मिनिटांत सांगतो की झीज अमुक ठिकाणी आहे. हीच रीत मोटारीला लावली तर आपला पुष्कळ पैसा वाचेल, प्रसंगी जीवही वाचेल. पण मोटार थरथरली की आपण बिचकतो. कोणी म्हणतो टायर बदला, कोणी म्हणतो बॅलन्सिंग करा, कोणी नवाच भाग बसवायला सांगतो. आपण एकेक करून सगळे करतो, आणि गाडी आपली थरथरतच राहते.

आज मी ज्या गाडीबद्दल सांगणार आहे ती तुमच्या ओळखीची आहे. जीप. १९४१ च्या सुमारास अमेरिकेच्या सैन्यासाठी ही गाडी तयार झाली, आणि १९४७ साली मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून ती आपल्या शेतात, घाटात आणि बाजाराच्या रस्त्यावर रुळली. जुन्या जीपचा पुढचा आस एकसंध असतो आणि तो कमानींच्या पाट्यांवर टेकलेला असतो. ही रचना दणकट आहे, दुरुस्तीला सोपी आहे. पण ती खड्ड्यांसाठी योजलेली आहे, तासन् तास भरधाव पळण्यासाठी नव्हे. आता रस्ते बदलले. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. जी जीप काल पांदणीत ताशी वीस किलोमीटरने चालत होती, ती आज सिमेंटच्या सरळ रस्त्यावर ऐंशीने धावू लागली. पांदणीत लपलेला दोष तिथे उघडा पडतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे असेच झाले. मी कॉलेजात गणित शिकवतो. गॅरेजशी माझा संबंध गिऱ्हाइकापुरता. हा विद्यार्थी मेहकरच्या बाजूला शेती करतो. दर महिन्याला आईला उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागे. त्याने एक जुनी जीप घेतली होती आणि हौसेने ती उंच करून घेतली होती. कमानींना लांब शॅकल लावले, मूळचे सुमारे २८ इंच उंचीचे टायर काढून ३१ इंचांचे रुंद टायर चढवले. गाडी दिसायला रुबाबदार झाली. पण एके दिवशी पुलाच्या सांध्यावर पुढचे चाक आपटले आणि स्टिअरिंगचे चक्र हातातून निसटेल इतके जोराने डावी-उजवीकडे हापटू लागले. आई शेजारी बसलेली. गाडी कशीबशी कडेला थांबली. त्यानंतर त्याने तीनदा बॅलन्सिंग केले, दोन नवे टायर घेतले, एका गॅरेजच्या सल्ल्याने स्टिअरिंगला डँपर लावला. फरक पडला तो महिनाभरच. मग तो मला म्हणाला, "सर, गाडी विकू का?" मी म्हटले, "विकायची तर वीक. पण आधी ती काय सांगते आहे ते तरी ऐकू."

थरथर ही भाषा आहे. तिला तीन प्रश्न विचारायचे. केव्हा होते? कुठे जाणवते? आणि कशाने बदलते? एक वही घ्या आणि उत्तरे लिहून ठेवा. आठवणीवर भरवसा ठेवू नका, कारण घाबरलेल्या माणसाला सगळी थरथर सारखीच वाटते.

पहिला प्रश्न, केव्हा? किती वेगाला सुरू होते, किती वेगाला शिगेला पोचते, त्यापुढे कमी होते का, ते टिपा. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर संशय ब्रेकच्या ड्रमवर किंवा डिस्कवर घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पहिले दहा-पंधरा किलोमीटरच होत असेल, तर टायरला उभ्याउभ्या सपाटी आली असेल. गरम झाल्यावर ती जाते. आणि हो, डांबरी रस्त्यावर काहीच होत नाही, पण सिमेंटच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने ठक-ठक होते, असे असेल तर तो रस्त्याच्या सांध्यांचा आवाज आहे. गाडीला दोष देऊ नका.

दुसरा प्रश्न, कुठे? हातातल्या चक्रात जाणवत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत किंवा स्टिअरिंगच्या जोडण्यांत. बैठकीखाली, पायाखालच्या पत्र्यात जाणवत असेल तर मागची चाके किंवा प्रॉपेलर शाफ्ट.

तिसरा प्रश्न, कशाने बदलते? मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाच वेगाने, समजा पन्नासने, आधी वरच्या गिअरमध्ये आणि मग एक गिअर खाली घेऊन चालवून पाहा. गिअर बदलल्याने इंजिनाचे फेरे बदलतात, चाकांचे बदलत नाहीत. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष समजा; दोष चाकांत किंवा शाफ्टमध्ये आहे. गिअरबरोबर थरथर बदलली तर इंजिन, त्याचे रबरी माउंटिंग, क्लच यांकडे वळा. ही परीक्षा करताना चालत्या गाडीची किल्ली मात्र कधीही बंद करू नका. काही गाड्यांचे स्टिअरिंग त्याने कुलूपबंद होते.

आता थोडे गणित करू. भिऊ नका, चौथीचा गुणाकार पुरे. ३१ इंचांच्या टायरचा घेर सुमारे २.४७ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला नऊ फेरे घेते. आसाच्या गिअरचे प्रमाण पाचास एक धरले तर प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेळात ४५ फेरे घेतो. म्हणजे चाकाचा दोष सेकंदाला नऊ हिसके देतो. हात ते हिसके ओळखतो. शाफ्टचा दोष ४५ किंवा त्याच्या दुप्पट हिसके देतो. ते सुटे जाणवत नाहीत, त्यांचा गुणगुणाट होतो. माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच विचारले, "हिसके की गुणगुण?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, दोन्ही." इथे पहिली गाठ सुटली. आजार एक नव्हता, दोन होते, आणि तो दोघांना एकच औषध देत होता.

आधी चाकांचे पाहू, कारण ती तपासायला पैसे लागत नाहीत. समजा रिमला एका बाजूला पन्नास ग्रॅम जास्त वजन आहे. ऐंशीच्या वेगाला ते पन्नास ग्रॅम तीन किलोपेक्षा जास्त जोराने चाकाला बाहेर खेचते, सेकंदाला नऊ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. चाळीसच्या वेगाला हाच जोर चौथाई होतो. म्हणून तर गावात जाणवत नाही आणि महामार्गावर जाणवते. आणि हे पन्नास ग्रॅम येतात कुठून? पावसाळ्यात काळ्या रानातून आलेल्या जीपचे रिम आतल्या बाजूने पाहा. तिथे चिखलाचा थर सुकून बसलेला असतो, कधी पन्नास, कधी दोनशे ग्रॅमचा. तो न काढता बॅलन्सिंग करणे म्हणजे ओल्या पोत्यासकट धान्य तोलणे. खराटा आणि पाणी घेऊन आधी रिम आतून धुवा.

मग हवा पाहा. चिखलात पकड यावी म्हणून कमी केलेली हवा रस्त्यावर आल्यावर भरायची राहून जाते. कमी हवेचा टायर तापतो आणि डुलतो, आणि महामार्गावर तापलेला टायर फुटू शकतो. मग चाकाचे नट पाहा. ते समोरासमोरच्या जोडीने आवळावेत, एका बाजूने ओळीने आवळले तर चाक तिरके बसते. त्यानंतर चाक उचलून हाताने फिरवा आणि टायरजवळ खडू स्थिर धरा. खडू टायरला एकाच जागी घासत असेल तर टायर किंवा रिम गोल नाही. जाड नक्षीच्या मोठ्या टायरांत हे पुष्कळदा आढळते, आणि असा टायर कितीही बॅलन्स केला तरी सुधारत नाही. शेवटी पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावा. थरथर चक्रातून बैठकीत गेली तर चोर चाकाबरोबरच गेला, हे नक्की.

आमच्या जीपच्या रिममध्ये चिखल निघाला, भरपूर निघाला. तो काढल्यावर साधी थरथर कमी झाली. पण खड्ड्यावर होणारे ते भयंकर हापटणे तसेच राहिले. आता स्टिअरिंगच्या जोडण्या.

ही तपासणी दोन माणसांनी करावी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओंडके लावलेले, इंजिन बंद. एकाने चक्र थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायचे; पुरते फिरवायचे नाही, नुसते चाळवायचे. दुसऱ्याने खाली पाहायचे आणि एकेका जोडावर हात ठेवायचा. चक्रापासून स्टिअरिंग बॉक्स, तिथून ड्रॉप आर्म, मग ड्रॅग लिंक, मग टाय-रॉड, मग चाक, असा हालचालीचा प्रवास असतो. ज्या जोडात हालचाल एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने लगेच बाहेर पडत नाही, तो जोड झिजलेला. स्टिअरिंग बॉक्स चासीवर घट्ट आहे का, हेही त्याच वेळी पाहा; बोल्ट ढिले होऊन सगळा बॉक्सच हलताना मी पाहिला आहे.

नंतर पुढचा आस जॅकने उचला आणि खाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नका. चाक वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचे बेअरिंग ढिले. तरीही राहिला तर किंगपिन झिजलेली. इतकी सोपी परीक्षा आहे, आणि हीच न केल्यामुळे माणसे टायर बदलत बसतात.

आता ते हापटणे. एकसंध आसाच्या गाडीत, साधारण साठ ते ऐंशीच्या दरम्यान, एखाद्या धक्क्याने दोन्ही पुढची चाके मिळून डावी-उजवीकडे झुलू लागतात आणि वेग कमी होईपर्यंत थांबत नाहीत. झोपाळ्याचा अनुभव आठवा. झोपाळा मोठा व्हायला प्रत्येक वेळी मोठा धक्का लागत नाही. नेमक्या क्षणी दिलेले छोटे धक्के पुरतात. इथे धक्का देणारा रस्ता आहे, आणि झोक्याला जागा देते ती जोडांतली ढिलाई. जोड घट्ट असतील तर झोका जागच्या जागी विरतो.

ढिलाईशिवाय दुसरे कारण कोनाचे. सायकलचा पुढचा काटा तिरका का असतो, याचा विचार केला आहे का? त्या तिरकेपणामुळे पुढचे चाक आपोआप सरळ राहू पाहते, म्हणून मुले हात सोडून सायकल चालवतात. मोटारीच्या किंगपिनलाही असाच थोडा मागे कललेला कोन असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याच्या जीपला पुढच्या कमानीचे शॅकल पुढच्या टोकाला होते. ते लांब केल्यावर कमानीचे पुढचे टोक खाली गेले, आस पुढे कलला आणि कॅस्टर कमी झाला. चाकाला सरळ राहण्याची ओढच उरली नाही. भरीला, गाडी उंच झाल्याने ड्रॅग लिंक जास्त तिरकी झाली. कमान दबली की ती लिंक चाकाला थोडे वळवते, चालकाने चक्र हलवलेले नसले तरी! उंची तेवढी वाढवली असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात त्याने तीन कोन बदलले होते.

तिसरा कोन शाफ्टचा, आणि गुणगुण तिथून येत होती. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना जे जोड असतात त्यांना गॅरेजात क्रॉस म्हणतात. असा जोड वाकलेल्या स्थितीत फिरला की पलीकडची बाजू सारख्या गतीने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होते. पंधरा अंश वाकला तर हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे साडेतीन टक्क्यांचा. मूळ रचनेत दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवलेले असतात, म्हणून एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराने फिटतो. गाडी उंच केली, आस गरकन थोडा फिरला, की कोन असमान होतात आणि हिशेब फिटत नाही. शाफ्ट कधी उतरवला तर आधी खडूने खुणा करा, आणि बसवताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत याची खात्री करा. एक दात चुकला तरी गुणगुण सुरू होते.

आता डँपरबद्दल. डँपर वाईट नाही. काही गाड्यांना तो कंपनीच बसवते. पण झिजलेल्या जोडावर डँपर लावणे म्हणजे ताप उतरवणारी गोळी घेऊन टायफॉइड अंगावर काढणे. आमचा नियम साधा होता: तपासताना डँपर काढून ठेवायचा. त्याच्याशिवाय गाडी सरळ चालली तरच ती बरी झाली.

मग आम्ही काय केले? ड्रॅग लिंकचा एक सांधा झिजला होता, तो बदलला. लांब शॅकल काढून मूळचे बसवले. त्यामुळे कॅस्टर परत आला, ड्रॅग लिंक सरळ झाली आणि शाफ्टचे कोनही जुळले. काहीजण उंची ठेवून कमान आणि आस यांमध्ये पाचर घालतात आणि कोन सुधारतात. पण पुढच्या आसाला पाचर घातली की त्याच्या शाफ्टचा कोन बिघडतो. एक ओढले की दुसरे सुटते. मोठे टायर त्याने विकले. शेवटी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग केले, जे त्याने सगळ्यांत आधी तीनदा केले होते. त्या टायरांचा आणखी एक घोटाळा सांगतो. घेर वाढला की वेगाचा काटा कमी दाखवतो. २८ ऐवजी ३१ इंच असताना काटा ७२ दाखवत होता तेव्हा गाडी ८० ने धावत होती.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. हौस करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे हे बरे.

आणि समजा, चालता चालता चक्र हापटू लागलेच तर? जोरात ब्रेक मारू नका, चक्राशी झोंबू नका. अंगठे आऱ्यांत न अडकवता चक्र घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या, मग हळूच कडेला घ्या. थांबल्यावर देवाचे नाव घ्या आणि तशीच पुढे नेऊ नका.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. वर्गात सायकल उलटी ठेवा. मागच्या चाकाच्या एका आऱ्याला, घेराजवळ, छोटा नट पक्का बांधा आणि पायडल हळू, मग जलद फिरवा. मुलांना जरा लांब बसवा. वेग वाढला की सबंध सायकल थरथरताना दिसेल. नट सोडला की थरथर थांबेल. मग समोरच्या आऱ्यालाही तेवढाच नट बांधा. थरथर पुन्हा थांबलेलीच राहील. वर्तुळाकार गती, वर्ग आणि समतोल हे तिन्ही धडे एका नटात होतात.

माझा विद्यार्थी आता आईला घेऊन डाव्या बाजूच्या मार्गिकेतून, ऐंशीच्या आत, महिन्यातून एकदा जातो. नव्वदला गेली तर जीप अजून थोडी गुणगुणते, असे तो म्हणतो. मी म्हटले, गुणगुणू दे. तेवढ्याने तुला तिचे वय तरी आठवत राहील. त्याच्या वहीत आता दर महिन्याची नोंद असते: रिम धुतले, हवा पाहिली, जोड चाळवून पाहिले. तुमच्याकडे जीप असो, ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, अशी एक वही ठेवा. थरथर ऐकली की भाग विकत घ्यायला धावू नका. आधी तिला ते तीन प्रश्न विचारा.